सवलत आणि सोय

दहावीतली एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. सेरेब्रल पाल्सीमुळे तिच्या बोटांना पेन धरवत नाही, पण गणितात डोकं झपाझप चालतं. बोर्डाच्या परीक्षेत तिला लेखनिक मिळणार होता, म्हणून सरावासाठी मी लेखनिक झाले. नियम एकच ठरवला होता. ती बोलेल तेवढंच मी लिहायचं, मनाने काही दुरुस्त करायचं नाही.

"एक्स अधिक दोन भागिले तीन," ती म्हणाली.

मी एक्स लिहिला, अधिकचं चिन्ह काढलं, दोनच्या खाली रेघ मारली आणि रेघेखाली तीन लिहिले.

"अहो ताई, असं नाही! सगळ्याला तीनने भागायचंय."

"तू तसं कुठे सांगितलंस?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग डोळे मिटून सांगू लागली, "मोठी आडवी रेघ मारा. रेघेच्या वर एक्स अधिक दोन. रेघेच्या खाली तीन. आता रेघेच्या समोर बरोबरचं चिन्ह."

गणित तिला आधीही येत होतं. दुसऱ्याच्या हाताने ते कागदावर कसं उतरवायचं, हे तिला त्या दिवशी कळलं. हे कौशल्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि त्याला गुणही नाहीत. पण त्याच्याशिवाय तिचं गणित परीक्षकापर्यंत पोहोचलं नसतं. दिव्यांग मुलांना कॉलेजसाठी तयार करायचं म्हणजे अशी वेळापत्रकाबाहेरची कौशल्यं आठवी ते बारावीच्या काळात त्यांच्या हाती द्यायची. हे प्रकरण त्या कौशल्यांबद्दल आहे.

अठरा वर्षांनंतर काय बदलतं

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या होत्या. तेव्हा कायद्याला मोजकेच प्रकार ठाऊक होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. अध्ययन अक्षमता, ऑटिझम, थॅलेसिमिया, सिकलसेल, अ‍ॅसिड हल्ल्यातून आलेलं व्यंग हे सगळे त्यांत आले.

या कायद्यातली दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढचं कलम ३२ उच्च शिक्षणाचं. सरकारी आणि अनुदानित संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट द्यायची, असं ते सांगतं. पहिल्या कलमात शासन मुलाकडे येतं. दुसऱ्यात जागा राखलेली असते, पण तिथपर्यंत विद्यार्थ्याने स्वतः जायचं असतं.

शाळेत वर्गशिक्षिका मुलाला ओळखते, विशेष शिक्षक घरी फोन करतात, आई मधल्या सुट्टीत डबा घेऊन येते. कॉलेजात शंभर-सव्वाशेच्या वर्गात प्राध्यापकांना नावंही पाठ नसतात. तिथे आपल्याला काय लागतं हे स्वतः सांगणाऱ्याचीच व्यवस्था होते. बारावीपर्यंत ज्याच्यासाठी कायम दुसरंच कोणीतरी बोललं, तो पहिल्या सहामाहीतच मागे पडतो आणि बुद्धी कमी पडली असा समज करून घेतो.

म्हणून मुलांना मी सगळ्यात आधी दोन शब्दांमधला फरक शिकवते. सवलत म्हणजे अपेक्षा कमी करणं: एखादा विषय माफ, एखाद्या भाषेतून सूट. सोय म्हणजे अपेक्षा तीच ठेवून वाट मोकळी करणं: तीच प्रश्नपत्रिका, पण मोठ्या अक्षरात, ब्रेलमध्ये, लेखनिकासह किंवा तळमजल्यावरच्या खोलीत. दोन्ही हक्काच्या आहेत. पण कॉलेजचा अभ्यास पेलतो तो सोयींच्या आधाराने. सवलत मात्र पुढचं पाहून घ्यावी लागते.

आठवीत घेतलेला निर्णय

कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून बोर्डाच्या सवलती मिळत आल्या आहेत आणि त्यामुळे असंख्य मुलं दहावीची पायरी चढू शकली. या सवलतींचं मोल मी जवळून पाहिलं आहे.

तरीही आठवी-नववीत पालक भेटायला आले की मी एक प्रश्न विचारते, "हा विषय आत्ता सोडला, तर बारावीनंतर कोणते रस्ते बंद होतील?" बीजगणित आणि भूमिती सोडून सोपा पर्याय घेतला की अभियांत्रिकी पदविकेची वाट अडते. इंग्रजी टाळलं तर पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तकं एकदम अंगावर येतात. कर्णबधिर मुलांच्या बाबतीत हे फार घडतं. एकाच भाषेवर दहावी होते आणि पुढे ग्रंथालयातलं प्रत्येक संदर्भपुस्तक अनोळखी भाषेत निघतं. सूट घ्यायची असेल तर जरूर घ्यावी. पण परीक्षेपुरती सूट घेऊनही ती भाषा घरी वाचत राहता येते.

उलट बाजूही आहे. मुलाला झेपेल तो विषय शाळा भीतीपोटी नाकारते. आंध्र प्रदेशातल्या मछलीपट्टणमजवळच्या खेड्यात जन्मलेल्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली गेली, कारण ते जन्मांध होते. त्यांनी न्यायालयात दाद मागून प्रवेश मिळवला आणि बारावीला ९८ टक्के गुण घेतले. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून त्यांनी स्वतःचा उद्योग उभा केला. प्रत्येक मुलाने न्यायालयात जावं, असं मी म्हणणार नाही. पण "अंधांना विज्ञान जमत नाही" हे वाक्य ऐकून मुकाट्याने अर्ज बदलू नये, एवढं त्यांच्या वाटचालीतून घ्यावं.

सगळ्यांनी पदवीच घ्यावी असाही आग्रह नको. बौद्धिक अक्षमता असलेल्या एखाद्या मुलासाठी हाताला काम शिकवणारा छोटा अभ्यासक्रम हेच उत्तम शिक्षण ठरतं. एकाच बैठकीत सगळे विषय न झेपणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची म्हणजे एनआयओएसची वाट आहे. तिथे नोंदणी पाच वर्षं टिकते, त्या काळात नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत दहावी-बारावी पूर्ण करता येते.

कागदांची फाइल

कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत सर्वांत जास्त धावपळ प्रमाणपत्रासाठी होते, आणि ती सहज टळण्यासारखी असते. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, ऑनलाइन व्यवस्थेतूनच दिलं जातं. कार्ड आधीच असलं तरी नववीतच एकदा ते बाहेर काढून वाचावं. कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे का? एका कागदावर "गणेश" आणि दुसऱ्यावर "गणेशराव" असेल तर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात ते दुरुस्त करणं जिवावर येतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत कधी संपते? ती मे-जूनमध्ये संपत असेल तर सिव्हिल हॉस्पिटलची तारीख दिवाळीतच घेऊन ठेवावी.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही तपासणी वयाच्या आठव्या वर्षापासून होते, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा करावी लागते. अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं. आता अठरावं वर्ष कुठे येतं ते पाहा: ऐन बारावीत किंवा कॉलेजच्या उंबरठ्यावर. चौदाव्या वर्षीच्या कागदावर विसंबून राहिलेल्या मुलाला जिथे सर्वांत जास्त गरज असते तिथेच अडवलं जातं.

शिष्यवृत्तीचंही असंच. अकरावीपासून पुढे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरले जातात. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, आधार जोडणी या गोष्टी आधी झालेल्या असल्या की अर्ज अर्ध्या तासाचा.

ही फाइल आईच्या कपाटात न ठेवता मुलाच्या टेबलावर ठेवावी. दिसत नसेल तर प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर ब्रेल चिठ्ठी लावावी आणि मोबाइलमध्येही प्रती ठेवाव्यात. अर्ज भरताना आपल्या दिव्यांगत्वाचं नाव आणि टक्केवारी ज्याची त्याने सांगावी. "तुझ्या कार्डावर काय लिहिलंय?" या प्रश्नाचं उत्तर न येणारी बारावीची कितीतरी मुलं मला भेटली आहेत. स्वतःबद्दलचा कागद त्यांनी कधी हातातच घेतलेला नसतो.

लेखनिक: दोघांची एक परीक्षा

केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लेखी परीक्षेचे नियम बरेच स्पष्ट केले. दर तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. लेखनिक स्वतःचा आणण्याची मुभा त्यांत होती, मात्र त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं अशी अट होती. परीक्षा घेणारी संस्था लेखनिक देणार असेल तर दोन दिवस आधी त्याला भेटता येतं. ही भेट बरेच जण टाळतात. मी म्हणेन, एकवेळ एक धडा कमी वाचा, पण ही भेट चुकवू नका. लेखनिकाचं अक्षर कसं आहे, तो मोठ्याने वाचताना शब्द गाळतो का, विज्ञानाची चिन्हं त्याला येतात का, हे त्या अर्ध्या तासात कळतं.

४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्यांचं काय? हा प्रश्न केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसलेल्या एका उमेदवारामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. लिहिताना त्याच्या हाताला पेटके येत होते, पण ठरलेल्या टक्केवारीत बसत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला: लिहिण्यात खरी अडचण असेल तर निव्वळ टक्केवारीच्या कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. ज्यांच्या हातात कार्ड नाही पण बोटांत वेदना आहे, अशा मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही तो ठाऊक असायला हवा.

नियम माहीत झाले तरी सरावाला पर्याय नाही. सांगून उत्तर लिहवून घेणं ही वेगळीच विद्या आहे. आपण लिहितो तेव्हा हात चालू असताना डोकं पुढचं वाक्य जुळवत असतं. सांगताना पूर्ण वाक्य आधी मनात बांधावं लागतं, मग लेखनिकाच्या वेगाने सोडावं लागतं, आणि तो लिहीत असताना आपण कुठे होतो ते लक्षात ठेवावं लागतं. परिच्छेद कुठे, अधोरेखन कशाला, आकृतीला नावं कोणत्या बाजूला, हे सगळं बोलून सांगायचं. नववीपासून महिन्यातून दोनदा, दर वेळी वेगळ्या लेखनिकाबरोबर सराव केला तर बारावीपर्यंत मूल यात पारंगत होतं. सख्खी बहीणच कायम लेखनिक असेल तर तिला अर्ध्या वाक्यातच पुढचं कळतं आणि सराव व्यर्थ जातो.

संगणक काय वाचतो, काय वाचत नाही

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे वही, पुस्तक आणि फळा असं सगळं एकत्र. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी उभं केलेलं एनव्हीडीए मोफत मिळतं आणि मराठीही वाचतं. पण ते काय वाचू शकत नाही, हेही मुलाला माहीत हवं.

मराठीत आपल्याकडे एक खास अडचण आहे. अनेक शिक्षकांच्या नोट्स अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना तिथे स्वच्छ देवनागरी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची माळ असते, त्यामुळे कानावर नुसता गोंगाट पडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला तोच मजकूर व्यवस्थित ऐकू येतो. पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफचं तर त्याहून वाईट, कारण तिथे सॉफ्टवेअरला वाचायला अक्षरंच सापडत नाहीत. म्हणून मुलाला एक नेमकं वाक्य शिकवावं: "सर, मला या नोट्स युनिकोडमध्ये टाइप केलेल्या वर्ड फाइलमध्ये द्याल का?" "मला वाचता येत नाही" असं म्हटलं की समोरचा माणूस हळहळतो आणि गोष्ट तिथेच राहते. काय हवं ते नेमकं सांगितलं की तो संध्याकाळी फाइल पाठवतो.

पुस्तकांच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत करण्याची मोकळीक आली. वाचनाचा हक्क देणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून काम करतं, तर पुण्यात मीरा बडवे यांचं निवांत अंध मुक्त विकासालय अंधशाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांना उच्च शिक्षणासाठी हात देतं. दहावीच्या सुट्टीत अशा एका ठिकाणी मुलाला नक्की न्यावं. आपल्यासारखी दहा जण एमए, एलएलबी करताना दिसली की जे बदलतं, ते आमच्या शंभर व्याख्यानांनी बदलत नाही.

कर्णबधिर मुलाची गरज वेगळी. विशेष शाळेत सात-आठ जणांच्या वर्गात शिक्षक समोर बसून, ओठ आणि हात दिसतील असं शिकवतात. कॉलेजात प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात, वर पंखे घरघरतात आणि श्रवणयंत्र तीही घरघर वाढवून कानात घालतं. या मुलाने चार गोष्टी मागायला शिकाव्यात: पुढच्या बाकावरची, खिडकीकडे पाठ असलेली जागा, म्हणजे शिकवणाऱ्याचा चेहरा उजेडात दिसतो, व्याख्यानाची टिपणं आदल्या दिवशी, वर्गातल्या एका मित्राच्या वहीची रोजची प्रत, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून. बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी मोफत अ‍ॅप्स आता मराठीतही चालतात. गोंगाटात ती चुकतात, पण एकास एक बोलताना छान उपयोगी पडतात.

कॉलेज आधी पाहून यावं

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कॉलेज प्रत्यक्ष पाहावं, आणि ज्याला शिकायचं आहे त्याने स्वतः पाहावं. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीने आधी स्वच्छतागृह बघावं, मग वर्ग. सोयीचं स्वच्छतागृह नसलं की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजार ओढवून घेतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. प्रयोगशाळेतल्या टेबलाची उंची बघावी. जुन्या इमारतीत लिफ्ट नसेल तर विचारावं, "आमच्या तुकडीचे तास तळमजल्यावर घेता येतील का?" नवी इमारत बांधायला वर्षं लागतात, वेळापत्रकात खोली बदलायला पाच मिनिटं. प्राचार्यांना या विनंतीचं एक पानी पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणारा समान संधी कक्ष असेल तर त्याच्या प्रमुखांना भेटावं.

मग प्रवास. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकून त्यांनी उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजातून बारावी केली आणि पदवीसाठी मुंबईच्या सेंट झेवियर्सला आल्या. रोज लोकलने. २०१७च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्यांचा १२४वा क्रमांक आला आणि त्या आयएएस झाल्या. त्यांच्या यशाबद्दल बोलताना आपण परीक्षेचा अभ्यास आठवतो. मला आधी ती लोकल आठवते. पांढरी काठी घेऊन स्वतःच्या स्टेशनवर उतरणं ज्याला जमलं, त्याला कॉलेजातल्या कार्यालयाची खिडकी अवघड जात नाही. हा सराव बारावीच्या सुट्टीवर ढकलू नये. नववीत दुकान, दहावीत क्लास, अकरावीत एसटी किंवा लोकल, अशा पायऱ्यांनी तो व्हावा.

यात सर्वांत कठीण भाग आई-वडिलांच्या वाट्याला येतो. पंधरा वर्षं ज्या आईने प्रत्येक खिडकीवर पोरासाठी भांडण केलं, तिला आता शेजारी उभं राहून गप्प बसायचं असतं. मूल अडखळतं, खिडकीतला माणूस आईकडेच बघून विचारतो, "याला काय हवंय?" अशा वेळी उत्तर मुलाला देऊ द्यावं, मग त्याला दोन मिनिटं लागोत की पाच. घरातून सुरुवात करता येते. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य मुलाचं असावं, शाळेला द्यायचं पत्र त्याने सांगावं आणि पालकांनी फक्त लिहावं.

सुरुवातीला जिच्याबद्दल सांगितलं, ती मुलगी पुढे बारावीला बसली. परीक्षेच्या दोन दिवस आधी तिला नवी लेखनिक भेटायला आली, अकरावीतली, घाबरलेली. मी खोलीत होते, पण मला काही बोलावंच लागलं नाही. "घाबरू नकोस," ती म्हणाली, "मी 'अंश' म्हटलं की आधी आडवी रेघ मारायची, लांब. मग मी सांगते ते रेघेच्या वर. 'छेद' म्हटलं की खाली. आणि तुला माझं बोलणं कळलं नाही तर लगेच थांबव, मी पुन्हा सांगेन. कळलं असं समजून पुढे जाऊ नकोस." मग एक कोरा कागद पुढे सरकवायला सांगून तिने पहिलं उदाहरण घातलं.